फिल्टर नळाखाली धुऊ नका: फिशटँकच्या पाण्याचा धागा (सांगली-सातारा)

कृष्णाकाठ | १२ जुलै, सकाळी ९:१०

नदीला गढूळ पाणी आलं की दरवर्षी जुलैत तेच घडतं. टँक मळकट दिसायला लागतो, मग फिल्टर काढून नळाखाली खसाखसा धुतला जातो, स्पंज अगदी नवाकोरा दिसतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. मग सगळ्यांचं एकमत होतं की नळाच्या पाण्यातच काहीतरी होतं. असेलही. पण निम्मं काम त्या धुण्यानं केलेलं असतं.

फिल्टर म्हणजे गाळणी, ही समजूत आधी सोडू. घाण अडवणं हे त्याचं हलकं काम. जड काम करतात ते स्पंजला चिकटून राहणारे जिवाणू. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेला दाणा कुजून त्यात भर पडते. जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष, तिसरं बरंच सौम्य. दुसऱ्या टप्प्यासाठी जुन्या पुस्तकांत नायट्रोबॅक्टरचं नाव असतं, पण टँकमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. त्यातले काही अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळं एकट्यानं उरकतात, हे २०१५ मध्ये कळलं.

आता हिशेब. टँक २ x १ x १ फुटाचा धरू, आपल्याकडे हाच जास्त खपतो. काठोकाठ ५६ लिटर, पण वरचा मोकळा इंच आणि खालची खडी वजा करता खरं पाणी ५० लिटर. त्यात चार मध्यम गोल्डफिश (जास्तच आहेत, पण असतात) आणि दिवसाला १ ग्रॅम दाणा, ४० टक्के प्रथिनांचा. मत्स्यशेतीतलं सूत्र असं: दाण्याचं वजन x प्रथिनांचा अंश x ०.०९२. म्हणजे रोज सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियातल्या नुसत्या नायट्रोजनचं वजन). ५० लिटरला भागलं की दिवसाला ०.७ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर. फिल्टरमधली वस्ती मेली तर दोन दिवसांत काय होईल ते यावरून बघा.

शिवाय हा अमोनिया किती जाचक ठरणार ते पीएचवर अवलंबून. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच ५ टक्क्यांच्या वर जातो. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना चूक दहापट महाग पडते.

तर नियम एकच. पाणी बदलताना टँकमधलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात स्पंज सात-आठ वेळा पिळायचा, काळपट पाणी झाडांना घालायचं (जास्वंदीला मानवतं) आणि स्पंज परत लावायचा. तो तपकिरी राहिला पाहिजे. पांढराशुभ्र झाला म्हणजे जास्त झालं.

भडंग | १२ जुलै, सकाळी ९:५२

धाग्याची गरज होतीच. पण आधी एक साधा प्रश्न. पाणी मळकट आहे म्हणजे नेमकं कशानं, हे घरबसल्या कसं ओळखायचं? सगळे 'गढूळ' एवढंच सांगतात.

कृष्णाकाठ | १२ जुलै, सकाळी १०:३०

काचेच्या पारदर्शक पेल्यात टँकचं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा.

दुधात पाणी घातल्यासारखी पांढरट झाक असेल तर ती जिवाणूंची गर्दी, पण पाण्यात तरंगणाऱ्या वेगळ्या जिवाणूंची. नव्या टँकमध्ये किंवा दाणा जास्त पडल्यावर होते. दाणा दोन दिवस बंद, हवा वाढवा, चार-पाच दिवसांत उतरते. रोज पाणी उपसत बसलात तर लांबते.

हिरवट असेल तर शेवाळाचे सूक्ष्म कण. स्पंजातून ते आरपार जातात. खिडकीचं ऊन अडवा, दिवा ६ तासांवर आणा, नाहीतर यूव्ही दिवा लावा.

पिवळट पण आरपार दिसत असेल तर लाकडाचा किंवा पानांचा रंग. निरुपद्रवी. नकोच असेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बन.

पेला तासभर ठेवल्यावर तळाला राखाडी-तांबूस थर बसला तर ती माती. खडी नीट न धुता टाकलेली, किंवा सध्या नळातूनच आलेली. गाळणीचं काम फक्त इथं आहे. उशीत भरायचा पॉलिस्टर फायबर मूठभर लावा, दोन दिवसांत काढून फेका.

टँकनिपल | १२ जुलै, दुपारी १२:१५

कृष्णाकाठ, बाकी सगळं मान्य, पण 'नळाखाली धुतलं की जिवाणू मेले' हे जरा ताणलेलं आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिल्लक क्लोरीन किमान ०.२ आणि फार तर १ मिलिग्रॅम प्रतिलिटर धरलाय. जिवाणू चिकट थरात बसलेले असतात. मिनिटभराच्या धुण्यानं सगळे मरत नाहीत. मी म्हणेन की पिळून पिळून तो थरच निघून जातो, आणि लोक एकाच दिवशी सगळं धुतात, खरी मेख ती.

कृष्णाकाठ | १२ जुलै, दुपारी १:०५

बरोबर आहे. दुरुस्ती मान्य. एकदा चुकून नळाखाली धरला म्हणून टँक कोसळत नाही. कोसळतो तो सगळं एका दिवशी झाल्यावर: स्पंज धुतला, रिंग (जिवाणू बसावेत म्हणून फिल्टरमध्ये भरतात त्या सिरॅमिकच्या) धुतल्या, खडी उपसली, ७० टक्के पाणी बदललं आणि नव्या पाण्यातला क्लोरीन मारला नाही. पावसाळ्यात शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवावे लागतात, त्यामुळे हा शेवटचा भाग जुलैत जास्त नडतो.

दोन स्पंज असतील तर आलटून पालटून धुवा, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. शीर्षक मात्र बदलत नाही, लोक शीर्षकच वाचतात.

मिरजवाली | १२ जुलै, दुपारी ३:४०

क्लोरीनसाठी दुकानातली बाटली छोटी आणि महाग. बादली रात्रभर उघडी ठेवली तर चालतं ना? आणि आमच्या सासूबाई पावसाळ्यात पिंपात तुरटी फिरवतात, ते पाणी टँकला घातलं तर?

कृष्णाकाठ | १२ जुलै, संध्याकाळी ५:२०

ताई, दोन्हींची उत्तरं वेगवेगळी.

क्लोरीन उघड्या बादलीत २४ तासांत बहुतेक उडतो, हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावतात, बुडबुडे काढतो) सोडला तर आणखी लवकर. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्यांकडे खड्यांच्या रूपात मिळतो, पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तोच. १० ग्रॅम खडे १०० मिली आरओच्या पाण्यात विरघळवा, गडद बाटलीत ठेवा, दोन-तीन महिन्यांनी नवं करा. १० लिटरच्या बादलीला १ मिली, सध्याच्या दिवसांत २ मिली. ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग टँकमध्ये ओता. थोडा जास्त झाला तर बिघडत नाही. औषधाची सुई काढलेली सिरिंज मापाला उत्तम.

तुरटीचं पाणी जपून. तुरटी गाळ खाली बसवते, पण पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवून पीएच टिकवण्याची ताकद, खाते: १ मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. आणि आम्लधर्मी पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना त्रास देतं. मिरजेला बोअर मिसळत असाल तर क्षारता भरपूर, फारसं काही होणार नाही. वापरायचंच तर पिंपात रात्रभर निवू द्या आणि वरचं नितळ पाणीच काढा, तळ हलवू नका. चालू टँकमध्ये मात्र तुरटी कधीही फिरवायची नाही. बसलेला गाळ स्पंजात आणि कल्ल्यांत जातो.

यवतेश्वर | १२ जुलै, रात्री ८:४५

साताऱ्याकडून थोडी उलटी बाजू मांडतो. सांगलीच्या पूर्व भागातल्या बोअरला क्षार इतके की पीएच ढळत नाही. आमच्याकडे कासचं पाणी म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं पावसाचं पाणी, क्षार कमी. अशा मऊ पाण्यात फिल्टर उत्तम चालला तरी त्याचाच उपद्रव होतो.

कारण हे जिवाणू काम करताना क्षारता खातात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.१४ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं. वरचे ३७ मिलिग्रॅम घ्या: रोज २६४ मिलिग्रॅम. ५० लिटरमध्ये दिवसाला ५ च्या वर, आठवड्याला ३७ मिलिग्रॅम प्रतिलिटर. ज्या पाण्याची एकूण क्षारताच ४० आहे ते आठवड्यात रिकामं. मग पीएच धाडकन ६ च्या आसपास, तिथं जिवाणूंचं काम जवळपास थांबतं, अमोनिया साठायला लागतो. कमी पीएचमुळे तो निरुपद्रवी रूपात असतो म्हणून मासे ठीक दिसतात. टँक चकाचक, पाणी आरपार, मालक खुश.

आणि मग एक दिवस कुणीतरी सांगतं, खूप दिवस झाले, अर्धं पाणी बदल. नवं पाणी पीएच ७.५ चं. साठलेला अमोनिया एका तासात विषारी रूपात येतो. सकाळी मासे तळाला.

पीएच पडलेला टँक सावकाश वर आणायचा. आधी अमोनिया मोजा. रोज १० टक्के पाणी बदला, अमोनिया शून्याला आला की मगच क्षारता वाढवा. खायचा सोडा ५० लिटरला दीड ग्रॅम टाकला की केएच, म्हणजे क्षारतेचं माप, १ अंशानं चढतो (१ अंश म्हणजे १७.९ मिलिग्रॅम प्रतिलिटर). दिवसाला एवढाच. कायमचा उपाय म्हणजे जाळीच्या पिशवीत मूठभर फोडलेले शिंपले फिल्टरमध्ये ठेवणं. पाणी आम्ल व्हायला लागलं की ते आपोआप विरघळतात, आपल्याला काटा बघत बसावं लागत नाही.

भडंग | १२ जुलै, रात्री ९:१०

'सकाळी मासे तळाला' या रोगाचं नाव आज कळलं. लोक याला नजर लागली म्हणतात.

विश्रामबाग_गप्पी | १३ जुलै, सकाळी ८:३०

फिल्टर नेमका कुठला घ्यावा यावर कुणी बोललंच नाही. दोन फुटी टँक, गप्पी आणि मॉली, पिल्लं होतात.

कृष्णाकाठ | १३ जुलै, सकाळी ९:१५

पिल्लं होणार असतील तर डोळे मिटून स्पंज फिल्टर, दोन स्पंजांचा. मोटरच्या फिल्टरमध्ये गप्पीची पिल्लं ओढली जातात. फायटर माशालाही हाच, कारण त्याला प्रवाह सोसत नाही.

जोडणी: ३ ते ५ वॅटचा एअर पंप, ४ मिमीची नळी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हवा कमी-जास्त करायला छोटा कॉक. उभ्या नळकांड्याच्या आत छोटा हवेचा दगड बसवला तर बुडबुडे बारीक होतात, डबडब आवाज जातो आणि पाणीही जास्त उचललं जातं. स्पंज जाडसर छिद्रांचा, एका इंचात २० ते ३० छिद्रं. सोफ्याचा फोम कापून लावू नका. छिद्रं इतकी बारीक की आठवड्यात बुजतो, आणि काही महिन्यांत चुरा होतो.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. खालीच ठेवावा लागत असेल तर व्हॉल्व्हशिवाय ठेवू नका. वीज गेली की नळीतून पाणी उलटं वाहत येतं, पंप बिघडतो आणि फरशीवर तळं.

दोन फुटापर्यंत दुकानदार मोटरचा फिल्टर गळ्यात मारतात, वरून कार्बनची पुडी. गप्पींना दोन्ही नको.

टँकनिपल | १३ जुलै, सकाळी ११:४०

गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, सकर यांना मात्र स्पंज पुरत नाही. घाणच एवढी. त्यांना वरचा फिल्टर म्हणजे टँकच्या काठावर आडवा ठेवलेला डबा. तो घरी करणं सोपं आहे, लिहून ठेवतो.

तीन फुटी टँकसाठी (३ x १.५ x १.५, साधारण १९० लिटर) प्लॅस्टिकचा लांबट डबा, १८ ते २० इंच लांब, ६ इंच रुंद, ६ इंच खोल. जाड प्लॅस्टिकचा घ्या, पातळ डबा पाणी भरलं की पोटाला फुगतो. खाली दोन आडव्या पट्ट्या टँकच्या काठांवर टेकल्या पाहिजेत. सगळा भार डब्याच्या कडेवर नको.

एका टोकाला तळात १ इंची टँक निपल. पाण्याच्या टाकीला लावतात तोच, कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळेल. भोक होल-सॉनं पाडा, तापवलेल्या सळईनं पाडलं तर कड वेडीवाकडी होते आणि रबरी वायसर बसत नाही. वायसर डब्याच्या आतून, चेकनट बाहेरून, हातानं घट्ट करून वर पाव फेरा पान्यानं. एम-सील थापायची गरज नाही. लागली तर भोक चुकलंय असं समजा. निपलवर आतल्या बाजूनं ३ इंच उंच पाइपचा तुकडा उभा करा, म्हणजे डब्यात कायम ३ इंच पाणी राहील.

दुसऱ्या टोकाकडून पंपाचा अर्धा इंची पाइप डब्याच्या वरच्या कडेवरून आत. त्याचं तोंड डब्यातल्या पाण्याच्या वर ठेवा, बुडवू नका. बुडवलं तर वीज गेल्यावर डबा टँकमध्ये रिता होतो.

पंप तळाला टेकवू नका. पृष्ठभागाखाली ४ इंचांवर. फायबर तुंबून डबा वरून वाहायला लागला, किंवा वायसर गळाला, तर फक्त ४ इंच पाणी बाहेर येईल आणि पंप उघडा पडेल. मोटर जळेल कदाचित, मासे वाचतील. आणखी खात्री हवी तर डब्याच्या बाजूला, वरून इंचभर खाली, दुसरं १ इंची भोक पाडून त्याचा पाइप टँकमध्येच सोडा. तुंबला तर तिथून जाईल.

आतली मांडणी पाणी येतं त्या बाजूनं: आधी उशीचा फायबर, मग जाड स्पंज, मग रिंग. फायबर दर आठवड्याला फेकायचा, स्पंज महिन्यातून एकदा टँकच्या पाण्यात पिळायचा, रिंगांना हात लावायचा नाही. खोक्यावर १५०० लिटर/तास लिहिलेला पंप घ्या. हा आकडा शून्य उंचीचा असतो. ४० सेंटिमीटर वर चढवलं आणि डबा भरला की निम्मा हाती लागतो. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन मोजा: बादली ४५ सेकंदांत भरली तर ८०० लिटर. १९० लिटरला तासाला चार फेऱ्या, ठीक. गोल्डफिशला मी सहा म्हणेन.

मिरजवाली | १३ जुलै, दुपारी १२:३०

रिंगांचं पाकीट महाग आहे हो. दुसरं काही?

टँकनिपल | १३ जुलै, दुपारी १:००

भाजलेल्या विटेचे किंवा मंगळुरी कौलाचे बोराएवढे तुकडे. नीट भाजलेलं हवं, बोटांनी चुरा होत असेल तर फेका. तीन-चार वेळा धुवा, एका तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला तर त्यात चुना लागलेला आहे (जुन्या घराची वीट असते). भांडी घासायची प्लॅस्टिकची जाळीदार घासणीही चालते, पण नवी, साबण नसलेली. स्टीलची नको.

खरं सांगायचं तर चांगल्या स्पंजाएवढा पृष्ठभाग दोन फुटी टँकला पुरेसा असतो. रिंगांचं कौतुक जरा जास्तच होतं.

यवतेश्वर | १३ जुलै, दुपारी २:२०

+१. कार्बनचंही तसंच. तो रंग, वास आणि औषध ओढतो, अमोनिया नाही. दोन ते चार आठवड्यांत भरतो, नंतर नुसती खडी. औषध टाकताना तो काढायचा, नाहीतर औषध कार्बनच पितो. मिथिलिन ब्लू तर मुख्य टँकमध्ये टाकूच नका, वेगळ्या टबात मासा घेऊन द्या. ते अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मारतं.

अमोनियासाठी झिओलाइट असतो. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात म्हणून कुणी डोंगरातून खडे आणायला जाऊ नये. फिल्टरला लागतो तो क्लिनॉप्टिलोलाइट, पाकिटात मिळतो. आणि झिओलाइट असताना टँकमध्ये मीठ टाकायचं नाही, मिठाच्या पाण्यात तो धरलेला अमोनिया सगळा सोडतो.

सातारकर_सकर | १३ जुलै, संध्याकाळी ६:५०

तुम्ही सगळे जिवाणू जिवाणू म्हणताय, पण नव्या टँकमध्ये ते येतात कुठून आणि किती दिवसांत? दुकानदार म्हणतो, दोन दिवस पाणी फिरवा आणि मासे सोडा.

कृष्णाकाठ | १३ जुलै, रात्री ८:००

दोन दिवसांत पाण्याचं तापमान जुळतं, वस्ती बसत नाही. तिला तीन ते सहा आठवडे लागतात, आणि खायला अमोनिया लागतो. रिकाम्या टँकमध्ये नुसतं पाणी फिरवलं तर सहा आठवड्यांनीही काही झालेलं नसतं.

मासे न घालता बसवायची तर नवसागर. कल्हईवाला वापरतो तोच, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईचा खडा मात्र नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं. प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. १० ग्रॅम ५०० मिली पाण्यात. ५० लिटर टँकला यातले १५ मिली, की अमोनिया २ मिलिग्रॅम प्रतिलिटर होतो. रोज मोजा. पहिले आठ-दहा दिवस आकडा हलत नाही, धीर धरा. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा १५ मिली. मधल्या काळात नायट्राइट चढतो, मग तोही पडतो. टाकलेले २ मिलिग्रॅम २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, ही खूण. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला, कारण नायट्रेट साठलेला असतो, आणि त्याच दिवशी मासे सोडा. मध्ये चार दिवस गेले तर वस्ती उपाशी राहते.

लवकर हवं असेल तर ओळखीच्यांच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज नव्या टँकमध्ये पिळा, पाणी काळंकुट्ट झालं तरी. किंवा जुना स्पंजच नव्याशेजारी महिनाभर चालवा. आणताना ओला ठेवा, टँकच्याच पाण्यात, आणि तासा-दोन तासांत लावा.

सातारकर_सकर | १३ जुलै, रात्री ८:२५

उशीर झाला, मासे सोडलेत. सहावा दिवस. नायट्राइट १ दाखवतंय आणि मासे वर आलेत.

यवतेश्वर | १३ जुलै, रात्री ८:३३

दाणा आत्ता बंद. हायपो घातलेलं पाणी ३० टक्के बदला, तापमान दोन अंशांच्या आत जुळवा. मग १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ, विरघळवून. क्लोराइड असलं की नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरत नाही. फिल्टरमध्ये झिओलाइट असेल तर आधी काढा, वर लिहिलंय का ते. फिल्टरच्या पाण्याचा झोत पृष्ठभाग फोडेल असा वळवा. उद्या पुन्हा मोजा. नायट्राइट ०.५ च्या खाली येईपर्यंत रोज ३० टक्के, बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ परत. अमोनियाही मोजताय ना? कागदाच्या पट्ट्यांवर बहुधा अमोनिया नसतो, थेंबांचा संच लागतो.

सातारकर_सकर | १३ जुलै, रात्री ८:४०

थेंबांचा आहे. अमोनिया ०.२५, पीएच ७. मीठ टाकतो.

विश्रामबाग_गप्पी | १४ जुलै, सकाळी १०:०५

नायट्रेटचं काय? तो साठतो म्हणालात, मग फिल्टर तो काढत नाही का?

कृष्णाकाठ | १४ जुलै, सकाळी १०:५०

नाही. साध्या फिल्टरमध्ये तो साठतच जातो. पहिल्या पोस्टमधल्या गोल्डफिशचा हिशेब पुढे नेला तर आठवड्याला २३ मिलिग्रॅम प्रतिलिटर. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदललं तरी काही महिन्यांत बदलण्याआधीचा आकडा ७५ च्या आसपास स्थिरावतो. ५० टक्के बदललं तर ४६. म्हणजे चांगला फिल्टर आहे म्हणून पाणी बदलायचं नाही, हे गणितात बसत नाही. गप्पींचा दाणा गोल्डफिशच्या पाव भागही नसतो, तुम्हाला ३० टक्के पुरेल. मनी प्लांटची मुळं टँकमध्ये सोडा (पानं बाहेर), तो बऱ्यापैकी ओढतो.

दाणा मोजायला सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा मिळतो. 'चिमूटभर' किती ते एकदा त्यावर बघा, धक्का बसेल.

मिरजवाली | १४ जुलै, दुपारी ४:१५

वीज चार-पाच तास गेली तर? तीन फुटीला कॅनिस्टर आहे.

टँकनिपल | १४ जुलै, संध्याकाळी ५:३०

कॅनिस्टर बंद डबा आहे, आत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन जिवाणूच संपवतात. तास-दीड तास काही नाही. चार तासांच्या वर गेलं तर वीज येताच सुरू करू नका, आतलं कुजकं पाणी थेट टँकमध्ये जातं. आधी प्लग काढा, डबा उघडा, ते पाणी फेका, स्पंज-रिंग टँकच्या पाण्यात एकदा विसळून घ्या, मग लावा. वीज जाणं नेहमीचंच असेल तर जोडीला एक स्पंज फिल्टर इन्व्हर्टरवर ठेवा, एअर पंप ५ वॅट घेतो, बॅटरीला कळणारही नाही. कॅनिस्टरची मोटर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुरगुरते आणि तापते, ती नका लावू.

डब्याच्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन लावलं तर रबर फुगतं आणि पुढच्या वेळी झाकण बसत नाही. मिरजेच्या जड पाण्यात चुंबकी फिरकीवर पांढरा थर चढतो, घरघर आवाज त्याचाच. फिरकी आणि तिची जागा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास, जुन्या टूथब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुवा. मधली दांडी सिरॅमिकची असते, ओढताना वाकडा जोर दिला की तुटते.

आणि सगळ्यांनाच: टँकमध्ये हात घालायच्या आधी प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही. वायर सॉकेटच्या खालून वळसा घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं पाणी वळशातून जमिनीवर टपकतं. पाण्यातल्या बऱ्याच पंपांना दोनच पिना, अर्थिंग नाही. त्या बोर्डला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा.

सातारकर_सकर | १५ जुलै, सकाळी ७:३०

नायट्राइट ०.५ च्या खाली. मासे खाली उतरले. मीठ अजून किती दिवस?

यवतेश्वर | १५ जुलै, सकाळी ८:०५

नायट्राइट सलग तीन दिवस शून्य दिसेपर्यंत. मग वेगळं काही करायचं नाही, पाणी बदलताना मीठ परत टाकलं नाही की ते आपसूक जातं. दाणा आता एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढाच. आणि स्पंज महिनाभर पिळू नका, कितीही मळका दिसला तरी.

भडंग | १५ जुलै, सकाळी ९:२०

तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कुठल्या बाजूनं लावायचा? त्यावर बाण आहे पण पुसलाय.

टँकनिपल | १५ जुलै, सकाळी ९:२८

तोंडानं फुंका. ज्या बाजूनं हवा आत जाते ती पंपाकडे, दुसरी टँककडे. दोन्ही बाजूंनी जात असेल तर पंधरा रुपये गेले, नवा आणा.